गोदामाचं नाक

अक्का, मला भीती वाटतेय. तू होतीस तोवर हे वाक्य मी तुझ्यासमोर कधी उच्चारलं नाही. आपल्या घरात मी शूर म्हणून प्रसिद्ध, आणि ती प्रसिद्धी तूच केलेली. जाफराबादच्या घरात साप निघाला की आबा काठी माझ्या हातात द्यायचे आणि तू बाजेवर चढून सूचना द्यायचीस. उद्या तुला जाऊन पंधरा दिवस होतील. इतक्या दिवसांत नातेवाईक आले, तुझ्या कॉलेजातले आले, तुझे विद्यार्थी आले, आणि सगळे मला म्हणाले, धीर धरा. कशासाठी धरायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते फक्त तुला ठाऊक होतं, असं मी कालपर्यंत समजत होतो.

पेपरात तुझा फोटो आला. खाली प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, अमुक वर्षं सेवा, असं सगळं व्यवस्थित छापलं होतं. ते मी इथे परत लिहीत नाही. मला त्या फॉर्मलिनच्या दिवसापासून बोलायचं आहे.

आठ महिन्यांपूर्वी मी गोदामात थप्पीवरून पडलो. सोयाबीनच्या बियाण्याची दहा थरांची थप्पी, वरचं पोतं सरकलं आणि मी पाठीवर खाली आलो. डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, आणि मी चौथ्या दिवशी कामावर. त्याच आठवड्यात तू डबा आमच्याकडे विसरलीस म्हणून मी तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. तू फॉर्मलिनची बरणी उघडून त्यात बुडवून ठेवलेला बेडूक की काय तो बाहेर काढत होतीस. पोरीबाळी ओढण्या नाकाला लावून मागे सरकलेल्या. मी मात्र टेबलाला टेकून तुझ्याशी गप्पा मारत उभा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी बोलतच होतो.

तू बरणीचं झाकण लावलंस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. "सुध्या, डोळ्याला झोंबून राह्यलंय ना?"

"हां, झोंबतंय की."

"मंग नाक का वाकडं करंना तू?"

मी म्हणालो, सर्दी आहे. तू म्हणालीस, सर्दीत माणूस नाक ओढतो, तू न्हाई ओढून राह्यलास. पोरींना तू बाहेर घालवलंस. निलगिरी, स्पिरिट, तुझ्या पर्समधला बाम, जे हाताला लागलं ते माझ्या नाकाखाली धरलंस. बामाचा गारवा जाणवला, वास नाही. झोंबणं वेगळ्या नसेचं काम आणि वास वेगळ्या, हे तू मला तिथेच सांगितलंस. तोवर मीही स्वतःला सर्दी आहे असंच सांगत होतो.

मला नाक नसून चालणार नव्हतं. तुला ते वेगळं सांगावं लागलं नाही. पोत्यात हात घालून नुसता तळवा हुंगला की माल ओला की कोरडा ते मी सांगायचो. मालक पाहुण्यांना माझी ओळखच तशी करून द्यायचे, हे आमच्या गोदामाचं नाक. आणि किडीसाठी थप्पीवर ताडपत्री घालून आत विषारी गॅसच्या गोळ्या ठेवल्या की, ठरलेल्या दिवसांनी ताडपत्री काढताना पहिला मी. त्या गॅसला सडक्या लसणासारखा वास असतो. मी कोपरा उचलायचा, हुंगायचं, आणि म्हणायचं, हवा साफ. मग हमाल आत शिरायचे. नियमाप्रमाणे हे गॅस मोजायच्या मीटरने करायचं असतं. मीटर होतं, मालकाच्या केबिनमधल्या कपाटात, तपासणीला कुणी आलं की दाखवायला. माझ्या आधीच्या सुपरवायझरनेही नाकानेच केलं होतं आणि कुणी मेलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य मी तुला ऐकवलं तेव्हा तू हातातली उत्तरपत्रिका खाली ठेवलीस.

त्याच उत्तरपत्रिकेच्या पाठीवर तू मला चित्र काढून दिलंस. नाकाच्या छताला चाळणीसारखं एक हाड. त्या भोकांतून दोऱ्यासारखे तंतू वर मेंदूत जातात. डोकं आपटलं, मेंदू आत हलला, दोरे चाळणीपाशी कापले गेले. वर दोन छोट्या गाठी काढल्यास, डावी आणि उजवी, आणि म्हणालीस, ह्या वासाच्या बल्बवर माझी पीएच.डी.ची सगळी वर्षं गेली, आणि बघ, घरातलंच गिऱ्हाईक मिळालं. तुला हसू आलं होतं की रडू, मला कळलं नाही.

पीएच.डी.च्या त्या वर्षांत तू सुट्टीला घरी यायचीस ती उंदरांच्या गोष्टी घेऊन. आम्हाला किळस यायची. आबांना मात्र लेकीच्या उंदरांचं भारी कौतुक, चावडीवर सुद्धा सांगायचे. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. तू उंदराच्या एकाच बाजूचा तंतू तोडायचीस, दुसरी बाजू तशीच ठेवायचीस. मग बल्बचे पातळ काप करून रंग लावायचा. चांगल्या बाजूला तपकिरी कडी दिसायची. ती एका एन्झाइमची, ज्याच्यामुळे तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. तोडलेल्या बाजूला कडी फिकी पडलेली. पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, पण विकर म्हटलं की पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशीच जागी होतात, असं तू म्हणालीस.

"म्हंजे त्या पेशी मेल्या?" मी विचारलं.

"तेच तर. मेल्या न्हाईत. मोजल्या की जागच्या जागी हायेत सगळ्या. नाकाकडून काही येईना म्हणून त्यांनी ते एन्झाइम बनवणं बंद केलं, बस. नुसती एक नाकपुडी बुजवली, काही तोडलं न्हाई, तरी तसंच होतं. आणि खालून नवे तंतू उगवून वर भिडले की परत बनवायला लागतात."

"उंदरात."

"उंदरात."

"मी उंदीर न्हाई."

"उंदराएवढी अक्कल असती तर एव्हाना मालकाला सांगून मोकळा झाला असतास."

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते आजही अर्धवट आहे. तू म्हणायचीस, सांग. मी म्हणायचो, बरं झाल्यावर सांगायची गरजच काय. तूच म्हणतेस पेशी जिवंत आहेत. तू म्हणायचीस, माणसात किती परत येतं, किती दिवसांत येतं, येतं की नाही, कुणी लिहून देणार नाही. मला तुझ्या सगळ्या बोलण्यातलं तेवढं एकच वाक्य ऐकू यायचं, मेल्या नाहीत. ते मी चघळत बसायचो.

चार बाटल्या दिल्यास तू मला. लवंग, गुलाब, निलगिरी, आणि मोसंबीची साल, आपल्या जालन्याला तिची काय कमी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, मनात त्या वासाची आठवण आणायची. दर रविवारी नवीन जालन्यात तुझ्या घरी परीक्षा. दोन महिने काही आलं नाही. मग मला तुझं तोंड बघवेना, आणि मी सांगायला लागलो, थोडं थोडं येतंय. तू वहीत लिहायचीस आणि खुश व्हायचीस. एका रविवारी तू माझ्या नाकाखाली बाटली धरलीस. मी डोळे मिटून, अगदी विचार करून म्हणालो, लवंग. तू म्हणालीस, नळाचं पाणी आहे.

मला वाटलं तू हसशील. तू हसली नाहीस.

"गोदामात बी असंच सांगतो का तू? डोळे मिटून?"

 तू उठून आत गेलीस, भांड्यांचा आवाज केलास, परत आलीस. "त्या गॅसचा तर चांगल्या नाकानं बी भरवसा धरू नये. वास आधी जातो, गॅस मागे राहतो. आत जाणाऱ्या माणसाला कळत बी न्हाई. आणि तू, तुला तर..."  मी चप्पल घातली आणि निघून आलो. तीन रविवार आलो नाही. तू फोन केलास तर कामात आहे म्हणालो. त्या तीन रविवारांचं मला आता काय करायचं ते सांग.

मी गोदामात कसा वागत होतो तेही ऐक. ताडपत्री ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त ठेवायची, दरवाजे सकाळपासून उघडे टाकायचे, आणि मग कोपरा उचलून हुंगल्यासारखं करायचं. मग म्हणायचं, हवा साफ. हमाल आत शिरले की मी बाहेर थांबून त्यांचे आवाज ऐकायचो. आवाज कमी झाले की नाव घेऊन हाक मारायचो. त्यांना वाटायचं साहेब कामाला लई घाई करतात. घरी संगीताला वाटायचं, ह्यांना माझ्या हातचं जेवण आवडेनासं झालं. तिला मी वाटू दिलं.

मग त्या शुक्रवारी तू फोन केलास. आवाज शांत होता. "सोमवारपर्यंत तू मालकाला सांग. न्हाई तर मी येऊन सांगते. माझा भाऊ हायस म्हणून आठ महिने गप बसले, ते चुकलंच माझं." मी चिडून म्हणालो, ये, सांग, आणि मग मला तुझ्या प्रयोगशाळेत शिपायाची नोकरी दे. आपलं शेवटचं बोलणं ते.

शनिवारी दुपारी तू स्टाफरूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेलीस. कॉलेजातून फोन आला तेव्हा मी गोदामाच्या दारात उभा होतो. आता जे सांगतो ते मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, आणि तुला सांगायचीही लाज वाटते. फोन कानाला असताना, अजून मी खाली बसलोही नव्हतो, तेव्हा माझ्या मनात एक विचार येऊन गेला. आता सोमवारी कुणी येणार नाही. बस एवढाच, एका श्वासाइतका. मग मी रडलो, खरंच रडलो, लोकांनी धरून बसवलं. पण तो विचार रडण्याच्या आधी आला होता. तू मला अंगाखांद्यावर वाढवलंस, शाळेची फी भरायला तुझ्या शिष्यवृत्तीतून दिलंस, आणि मला आधी तो विचार आला. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. सगळे पांढऱ्या कपड्यात बसले होते. त्रिशरण पंचशील म्हणून झालं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावल्या. मी पहिल्या रांगेत हात जोडून. आणि मला वास आला. आठ महिन्यांनी पहिला वास, अक्का, आणि तो लसणाचा. सडक्या लसणाचा.

तू मला हे सांगून ठेवलं होतंस. तंतू परत आले तरी बराबर आपापल्या जागी जातीलच असं नाही, गुलाब जळकट लागेल, चहाला घाण वास येईल, घाबरू नको, ते चांगलं लक्षण. हे सगळं मला आठवत होतं. तरी मी मान वर करून खिडक्या शोधल्या. एक उघडी होती. मी मागे वळून माणसं मोजायला लागलो, कोण खोकतंय, कोण मान टाकतंय. संगीताने माझा हात दाबला, तिला वाटलं मला भोवळ येतेय. सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि मी एकटा उघड्या डोळ्यांनी तुझ्या फोटोकडे बघत होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, वहीत लिहून ठेव, किती वाजता, कशाचा. तुला फोन करावा म्हणून मी खिशातला मोबाइल काढलाही होता.

त्या दिवसापासून तो वास कधीही येतो. साबणाला येतो, वरणाला येतो, धुतलेल्या उशीलाही येतो. सकाळी मी तुझ्या चारही बाटल्या हुंगल्या. लवंगेला तो, मोसंबीला तो, बाकी दोन कोऱ्या. तुझ्या त्या पेशींनी कामाला सुरुवात केली असेल. तपकिरी कडी गडद होत असेल. पण आधी मला काहीच येत नव्हतं, तेव्हा निदान मला माझं आंधळेपण माहीत होतं. आता गॅस खरंच असला तर तो मला ह्या सगळ्या लसणातून वेगळा कसा कळणार?

काल एक थप्पी उघडायची होती. मी सकाळी गेलो. आमचे मुकादम रशीदभाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तू ओळखतेस त्यांना, दारात उभे होते. मागे सहा हमाल डोक्याला फडकी बांधून तयार. मी ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि भपकन लसूण. हात तसाच राहिला. वास बाहेरून आला की माझ्या डोक्यातून, मला सांगता येईना. मी कोपरा सोडला आणि म्हणालो, कुणी आत जायचं नाही.

रशीदभाई जवळ आले. "साहेब, साफ हाय. बिलकुल साफ हाय. मी बघून आलो."

"तुम्ही कधी बघून आलात?"

ते पोरांकडे बघायला लागले. मी त्यांना बाजूला, नळापाशी घेऊन गेलो. आणि मग मीच बोललो. रशीदभाई, मला आठ महिने वास येत नव्हता, आता येतो तो खोटा येतो, मी तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगत होतो. 

त्यांनी नळ बंद केला. "मालूम हाय साहेब. अक्का आल्त्या ना इथं, तुम्ही बँकेत गेल्ते तवा. चार-पाच महिने झाले. म्हणल्या, रशीदभाई, सुधाकरला वास येत न्हाई. सध्या कुणाला बोलू नका, मी त्याला समजावते, पण मीटर लावल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. मी म्हणलो, बराबर."

"मंग मीटर लावलं तुम्ही?"

"मीटर मालकाच्या कपाटात. मागितलं तर मालक विचारतील, नाकाला काय झालं तुमच्या साहेबांच्या. काय सांगायचं? म्हणून तुम्ही यायच्या आधी, न्हाई तर तुम्ही चहाला गेले की, मीच आत जाऊन बघत होतो. आत जायचं, मागपर्यंत फिरायचं, घडीभर थांबायचं. माझं नाक बी काही वाईट न्हाई साहेब."

मला आठवलं, थप्पी उघडायच्या दिवशी ते नेहमी म्हणायचे, साहेब तुम्ही निवांत चहा घेऊन या, तोवर मी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडतो. मला वाटायचं माझा मान ठेवतात.

अक्का, तू मला न सांगता त्यांना सांगितलंस. त्याबद्दल मी तुझ्या पायावर डोकं ठेवीन आणि त्याच वेळी तुझ्याशी भांडेन. तू म्हणालीस मीटर लावा, आणि तुला वाटलं मीटर लागलं. तुझ्या प्रयोगशाळेत सांगितलं की होतं. इथे माणूस दुसऱ्याची अब्रू झाकायला स्वतः आत जाऊन उभा राहतो, हे तुला सुचलं नाही. मला तर काहीच सुचलं नाही. तू माझी लाज राखलीस, मी माझी लाज राखली, रशीदभाईंनी आपल्या दोघांची राखली, आणि त्या बंद हवेत एकटे तेच गेले. वास आधी जातो, गॅस मागे राहतो, हे तू मला सांगितलं होतंस. त्यांना सांगितलं होतंस का? मी काल विचारलं. ते म्हणाले, न्हाई, त्या घाईत होत्या.

मी तिथून सरळ केबिनमध्ये गेलो आणि मालकाला सगळं सांगितलं. सोमवार उलटून दीड आठवडा झाला होता. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ पेन उघडझाप करत बसले आणि म्हणाले, सध्या घरी थांबा. कपाटातून मीटर काढलं, ते सुरू झालं, पण त्याच्या आतल्या सेन्सरची मुदत कधीच संपलेली. दुसरं मागवलंय. ते येईपर्यंत गोदामाला कुलूप आहे. ताडपत्रीखाली काल काय होतं, गॅस की माझं डोकं, ते कुणालाच कळलेलं नाही.

निघताना मी रशीदभाईंना विचारलं, तुम्हाला काही त्रास? ते म्हणाले, कुछ न्हाई, थोडा खोकला हाय, छाती आवळल्यासारखी होते कधी कधी, वय झालं. त्या खोकल्यावर मीच त्यांना ज्येष्ठमध आणून देत होतो, गेले कित्येक महिने.

उद्या त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जातोय. ते नको म्हणत होते, मी गाडी सांगून ठेवली आहे. तू असतीस तर तू पुढे बसली असतीस आणि डॉक्टरांशी तूच बोलली असतीस. आता मला बोलायचंय. डॉक्टर विचारतील, त्रास कशानं सुरू झाला, आणि रशीदभाई माझ्याकडे न बघता म्हणतील, धुळीनं, साहेब, गोदामातली धूळ.